नाशिकची व्हाइट आवडते, रेड कडू लागते: असं का होतं आणि चाखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या चार मित्रांनी मिळून नाशिकच्या वाइनच्या सहा बाटल्या आणल्या, तीन व्हाइट आणि तीन रेड. एप्रिलमधल्या एका शनिवारी फरसाण, चीज आणि तंदुरी पनीर घेऊन बसले. शेनिन ब्लाँ (पांढऱ्या द्राक्षाची एक जात आणि तिची वाइन) सगळ्यांना आवडली. नंतर उघडलेली, काळ्या द्राक्षांची शिराझ आणि कॅबर्ने मात्र ‘कडू आणि जळजळणारी’ वाटली, बाटल्या अर्ध्यावरच राहिल्या. ते विचारतात, नाशिकला रेड जमतच नाही का? आणि एकाच भागातल्या रेड-व्हाइट शेजारी ठेवून चाखायच्या, तर पद्धत काय?

नाशिकला रेड जमते. त्या संध्याकाळी तुमच्या रेडवर तीन बाजूंनी अन्याय झाला, तो आधी सांगतो.

पहिला अन्याय क्रमाचा. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. सुला या नाशिकच्या वाइनरीची शेनिन तर अर्धगोड म्हणूनच ओळखली जाते. लाडू खाऊन चहा घेतला की चहात साखर आहे की नाही असा प्रश्न पडतो, तेच इथे झालं. गोडसर घोटावर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, रेड घेतली की ती आहे त्याहून कितीतरी आंबट आणि तुरट लागते. गोडसर शेनिन चाखायची असेल तर ती शेवटी.

दुसरा अन्याय तापमानाचा. व्हाइट फ्रीजमधून आली आणि रेड कपाटातून. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे, तिथल्या खोलीचं तापमान १६ ते १८ अंश. पुण्यात एप्रिलमध्ये रात्री आठलाही घरात ३० अंश असतात. एवढ्या उष्णतेत १३-१४ टक्क्यांचं अल्कोहोल वाफेसारखं वर येतं, नाकात आणि घशात झोंबतं, आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो. ‘जळजळणारी’ हा तुमचा शब्द बहुतेक यातूनच आला. रेड अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा असं लोक सांगतात, पण आपल्या उन्हाळ्याला अर्धा तास पुरत नाही. तास-दीड तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत दहा मिनिटं. व्हाइट ८ ते १० अंशांवर चांगली. फ्रीजमधून काढल्यावर लगेच ओतू नका, दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, कारण फार गार व्हाइटला वासच येत नाही.

तिसरा अन्याय फरसाणाचा. तिखटाने तोंडातले जे संवेदक चेततात त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. तिखटावर रेड घेतली की दोन्हींची जळजळ एकत्र होते, आणि दोष जातो वाइनच्या माथी. चाखताना साधा पाव, बिनतिखटाची भाकरी किंवा पोळीचा तुकडा आणि साधं पाणी, एवढंच जवळ ठेवा. जेवण नंतर.

आता नाशिकबद्दल. हे समजल्याशिवाय इथल्या रेड आणि व्हाइट एकमेकींशेजारी ठेवण्यात मजा नाही.

नाशिक आहे २० अक्षांशावर. फ्रान्समधला बोर्दो ४५ अक्षांशाच्या आसपास. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि द्राक्षं उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना पिकतात. आपल्याकडे वेल आपणहून झोपत नाही, त्याला छाटणीने वळण लावावं लागतं. एप्रिलमध्ये नवी काडी तयार करणारी खरड छाटणी, पावसाळा सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि पीक एकच, जानेवारी ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागतो, तेव्हा रात्री कडाक्याची थंडी असते. निफाडचा पारा तर राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तिथून पुढे दिवसागणिक ऊन वाढत जातं. म्हणजे नाशिकची द्राक्षं थंडीकडून उन्हाळ्याकडे जाताना पिकतात, युरोपच्या नेमकी उलट.

इथल्या वाइनचं सगळं मर्म मला याच एका गोष्टीत दिसतं. व्हाइटची द्राक्षं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघतात, रात्री अजून गार असताना, त्यामुळे त्यांत आंबटपणा टिकलेला असतो. रेडची फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेलावर राहतात. ऊन चढायला लागलं की साखर झपाट्याने भरते, आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल तितक्याच झपाट्याने खर्ची पडतं, पण साल आणि बी पिकण्यात मागे राहतात. फेब्रुवारीत सकाळी लवकर बागेत गेलात तर हे तोंडाने कळतं. मणी दाबून रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणावर, थेंब टाकला की तो ब्रिक्स (साखरेचं माप) २३-२४ दाखवतो, गोडी पुरेशी. मग तोच मणी चावायचा, गर गिळायचा, साल दाढेखाली घोळवायची आणि बिया तळहातावर काढून बघायच्या. बी हिरवट आणि चिवट असेल, साल चावल्यावर जीभ खरखरीत होत असेल, तर साखर काहीही म्हणो, रेडसाठी तो मणी अजून कच्चा. आठवडाभर थांबावं तर बी तपकिरी होतं, दाताखाली कुरकुरतं, पण तोवर आंबटपणा घसरतो. कधी तोडायचं हा निर्णय फार थोड्या दिवसांत घ्यावा लागतो, आणि तो तुमच्या रेडच्या प्रत्येक घोटात असतो. म्हणून मी म्हणतो, नाशिकची व्हाइट हवामान सांगते आणि रेड तोडणीचा निर्णय सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्या तरच एका हंगामाची पूर्ण गोष्ट कळते.

‘नाशिक’ म्हणजे सगळी जमीन सारखी असंही नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सत्तर-एक किलोमीटरवर निफाड, तिथे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच. गंगापूर धरणाच्या आसपासचा पट्टा, दिंडोरीचे चढ-उतार, सह्याद्रीच्या पायथ्याला मुकणे धरणाजवळची कावनई-सांजेगावची बाजू, आणि पूर्वेकडची काळी कसदार जमीन, जिचं नाव खाण्याच्या द्राक्षांसाठी झालं. वाइनच्या वेलाला फार कसदार जमीन मानवत नाही. त्याला मुरमाड, निचऱ्याची, थोडी उपाशी ठेवणारी जमीन बरी. पाला कमी, मणी बारीक, आणि रसाच्या मानाने साल जास्त. रेडचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतून येतो, त्यामुळे या फरकाचा फायदा रेडला जास्त होतो.

बाटल्या निवडताना लेबल नीट वाचा. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, पण कंपनीचा पत्ता नाशिकचा असला म्हणजे प्रत्येक बाटलीतली द्राक्षं नाशिकची असतीलच असं नाही. ग्रोव्हर झम्पाची सांजेगावला वाइनरी आहे, पण त्यांची नावाजलेली ‘ला रेझर्व्ह’ कर्नाटकातल्या नंदी हिल्सची. फ्रातेल्ली अकलूजची, म्हणजे महाराष्ट्रातली खरी पण सोलापूर जिल्ह्यातली. क्रस्मा हंपीकडची. या उत्तम असल्या तरी आजच्या टेबलावर नकोत, एकच प्रदेश समजून घ्यायचा आहे.

तुमच्यासारख्या चौघांना मी या सहा सुचवेन. व्हाइटमध्ये एक सोव्हिन्यों ब्लाँ, एक वेगळ्या स्वभावाची कोरडी व्हाइट (व्हॅलोने वाइनरीची व्हिओन्ये किंवा रेव्हेलो वाइनरीची ग्रिलो मिळाली तर फारच छान), आणि एक शेनिन. रेडमध्ये एक साधी ताजी शिराझ, एक ओकच्या पिंपात मुरलेली शिराझ, जसं सुलाची दिंडोरी रिझर्व्ह, आणि एक कॅबर्ने सोव्हिन्यों. कॅबर्ने सोडू नका, कारण पुढे सांगतो तो प्रयोग तिच्याशिवाय होत नाही. टेम्प्रानियो किंवा माल्बेक पुढच्या वेळी. नाशिकच्या मातीत या दोन्हींचं भविष्य मला चांगलं दिसतं, पण पहिल्याच बैठकीत सात-आठ जाती घेतल्या की एकही लक्षात राहत नाही.

व्हाइट घेताना बाटलीवरचं वर्ष बघा आणि सर्वांत ताजं वर्ष घ्या. नाशिकच्या बहुतेक व्हाइट पहिल्या दोन वर्षांत प्यायच्या असतात. दुकानात शोकेसच्या दिव्याखाली उभी असलेली बाटली नको, आतल्या खोक्यातली मागा. मे महिना बिनएसीच्या दुकानात काढलेल्या व्हाइटचा रंग गडद सोनेरी होतो आणि वास डागाळलेल्या सफरचंदासारखा. आपल्याकडे लोकांना वाइन ‘आवडत नाही’ याचं एक मोठं कारण वाइनरीत नाही, दुकानाच्या फळीवर आहे असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येकाला एका वाइनचे ५० मिलिलिटर पुरे. ७५० ची बाटली पंधरा जणांना पुरते, म्हणजे चौघांना बरीच उरणार, आणि उरलेली जेवणाबरोबर कामी येईल. थुंकायला एक भांडं ठेवा, त्यात कसलाही कमीपणा नाही. चाखण्याचं काम करणारे सगळे थुंकतात, नाहीतर चौथ्या ग्लासापासून नाक-जीभ काम करत नाहीत. बाटल्या रद्दी पेपरात गुंडाळून त्यांना आकडे द्या, म्हणजे किंमत आणि नाव डोक्यात राहणार नाही.

सोव्हिन्यों ब्लाँपासून सुरुवात करा. नाशिकमध्ये हिला मान आहे. २००० साली सुलाच्या पहिल्या वाइन बाजारात आल्या तेव्हा शेनिनबरोबर हीच होती. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग जवळजवळ पाण्यासारखा, कडेला किंचित हिरवी झाक. न हलवता एकदा हुंगा, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा. कापलेलं गवत, ढोबळी मिरची, लिंबाची साल, आणि उन्हात पिकलेली असेल तर पेरू. घोट तोंडात सगळीकडे फिरवा आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर थांबा. जबड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटतं का आणि किती वेळ सुटत राहतं, ते बघा. तो आंबटपणा. नाशिकच्या चांगल्या सोव्हिन्योंमध्ये तो फळाशी एकजीव असतो. उष्ण प्रदेशात टार्टारिक आम्ल (द्राक्षातलंच एक आम्ल) वरून घालण्याची रीत जगभर आहे आणि त्यात गैर काही नाही. पण घालताना हात सैल सुटला तर आंबटपणा वेगळा उभा राहतो, फळ आधी संपतं आणि जिभेच्या कडांवर नुसती धार उरते. हा फरक एकदा पकडलात की कुठल्याही व्हाइटमध्ये पकडाल.

व्हिओन्येचा स्वभाव अगदी वेगळा, आंबटपणा कमी, अंग भरलेलं, जर्दाळू आणि चाफ्याकडे झुकणारा वास. शेवटी किंचित कडवट चव राहते, ती या जातीची आहे, दोष नव्हे.

यानंतर थेट शिराझकडे जाऊ नका. आधी कॅबर्ने घ्या, आणि सोव्हिन्यों ब्लाँचा ग्लास अजून रिकामा करू नका. दोन्ही ग्लास शेजारी ठेवा, डोळे मिटा आणि एकामागून एक हुंगा. दोन्हींत कुठेतरी ढोबळी मिरचीचा तोच हिरवा वास सापडेल. हा योगायोग नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली डीएनए तपासून दाखवलं की कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या संकरातून झालेली जात आहे. काळ्या द्राक्षाची आई किंवा बाप पांढरं द्राक्ष! पायराझिन नावाची जी द्रव्यं व्हाइटमध्ये तो ताजा हिरवेपणा देतात, तीच लेकीतही उतरली आहेत. व्हाइटमध्ये आपण त्या वासाला ताजेपणा म्हणतो. कॅबर्नेमध्ये तो थोडा असेल तर शोभतो, पण फळाच्या वर चढला तर समजायचं की द्राक्षं लवकर तोडली किंवा घडांवर पाल्याची सावली फार होती. एकाच प्रदेशाच्या रेड आणि व्हाइट एकत्र चाखण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही. एकच वास, दोन रंगांत, दोन निकाल.

डोळे मिटायला सांगितले त्यालाही कारण आहे. बोर्दोमध्ये ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेडसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ही मुलं वाइनचंच शिक्षण घेणारी होती. रंग नाकाला आधीच उत्तर सांगून ठेवतो. तुमच्या टेबलावरही ‘रेड म्हणजे कडू’ हे उत्तर रंग बघताच तयार झालेलं असू शकतं. एकदा व्हिओन्ये आणि ताजी शिराझ दोन्ही १४-१५ अंशांवर आणून डोळ्याला पट्टी बांधून चाखा. चौघांपैकी एखादा तरी नक्की अडखळतो.

आता शिराझ, आधी ताजी, मग पिंपातली. नाशिकच्या शिराझचा रंग गडद जांभळा, कडेपर्यंत. वासात जांभूळ, काळी द्राक्षं आणि मिरी. शिराझमधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच द्रव्य आहे. थंड रात्रीत पिकलेल्या बागेत तो जास्त मिळतो, उन्हात शिजल्यासारखी पिकलेली शिराझ जॅमकडे झुकते. मिरी आणि जॅम यांच्यामध्ये तुमची बाटली कुठे बसते ते शोधा, म्हणजे ती बाग आणि ते वर्ष कसं गेलं याचा अंदाज येईल. पिंपातल्या शिराझमध्ये यावर व्हॅनिला, लवंग, भाजल्याचा वास चढतो. तो फळाला आधार देतो की झाकतो, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला नाशिकच्या शिराझमध्ये पिंप हलकं हवं असतं, कारण इथलं फळ मुळात बोलकं आहे.

तुरटपणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तुम्ही ज्याला कडू म्हणालात त्यातला बराचसा तुरटपणा असणार. कडवटपणा जिभेला चवीसारखा कळतो. तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त: हिरड्या, गालाची आतली बाजू आणि दात कोरडे पडतात. सालीतली आणि बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो. सालीचं टॅनिन पिकलेलं असेल तर हा कोरडेपणा बारीक आणि मखमली असतो. हिरव्या बियांचं टॅनिन खरखरीत असतं आणि घशाशी कडवट होत जातं. बागेत तळहातावर बघितलेली ती हिरवी बी इथे पुन्हा भेटते. आणि टॅनिनला लाळेऐवजी दुसरं प्रथिन मिळालं तर ते तिकडे वळतं, म्हणून साध्या पनीरचा किंवा चीजचा तुकडा खाऊन तीच रेड पुन्हा घ्या. फरक तिथल्या तिथे कळेल.

एखाद्या रेडला जळक्या रबराचा किंवा अंड्याचा वास आला तर लगेच फेकू नका. तो गंधकाच्या संयुगांचा असतो, विशेषतः स्क्रू कॅपच्या बाटलीत अडकून राहतो. ग्लास जोरात फिरवा, पाच मिनिटं थांबा. तांब्याचा घासून स्वच्छ केलेला चमचा असेल तर त्याने ढवळून बघा, वास बऱ्याचदा निघून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास मात्र कॉर्कचा दोष, त्यावर उपाय नाही, बाटली दुकानदाराला परत करा.

गोडसर शेनिन सर्वांत शेवटी, आणि ती आली की तिखट आणा. थोड्या साखरेमुळे ती मिसळीला, शेवभाजीला, हिरव्या मिरचीच्या ठेच्यालाही सामोरी जाते. इथे कुठलीही महागडी रेड तिच्यापुढे टिकत नाही. शिराझबरोबर मटण करा, तिखट हात राखून, खोबऱ्याचं वाटण भाजून. सोव्हिन्योंला तळलेला मासा किंवा कोथिंबीर वडी.

उरलेल्या बाटल्या, रेडसुद्धा, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन दिवसांत संपवा. पिंपातली शिराझ मात्र दुसऱ्या दिवशी थोडी बाहेर ठेवून पुन्हा चाखा. आदल्या दिवशीचा खरखरीतपणा मऊ झाला असेल आणि जांभळाचा वास तसाच असेल, तर त्याच वर्षाची आणखी एक बाटली घेऊन थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन वर्षं ठेवायला हरकत नाही. फळ रात्रीत उडून नुसतं आंबट पाणी उरलं असेल, तर ती वाइन याच वर्षी प्यायची.